होल्डवर ठेवलेल्या दोन सीटा

राजेंद्र शेजवळांना एक खोड होती, आणि ती आपल्याला आहे हे त्यांना स्वतःलाही पक्कं ठाऊक होतं, म्हणजे बघा. समोरच्याने एखादा शब्द टाकला आणि तो कळला नाही, तर ‘म्हणजे काय हो?’ एवढं विचारायला त्यांची जीभ वळायची नाही. मान मात्र आपोआप हलायची. समोरचा बिचारा समजायचा, यांना कळलं. मग घरी येऊन शेजवळ तो शब्द मोबाइलवर शोधायचे, दोन-चार व्हिडिओ बघायचे, आणि दुसऱ्या दिवशी सोसायटीच्या बाकावर बसून तोच शब्द अशा थाटात सोडायचे, जसं काही त्याचं बारसं यांनीच केलंय.

अंबरनाथला मोरिवलीच्या एमआयडीसीतल्या एका केमिकल कंपनीतून ते परचेस ऑफिसर म्हणून रिटायर झाले होते. तिथे साहेबलोकांची विमानाची तिकिटं त्यांच्या खात्यातून निघायची. म्हणजे काढायचा एजंटचा माणूस, शेजवळ फक्त सही ठोकायचे. स्वतः विमानात बसले होते ते आयुष्यात एकदा, तेही खिडकी सोडून मधल्या सीटवर. पण तेवढ्या भांडवलावर त्यांनी प्रवासाच्या धंद्याची अख्खी भाषा उचलली होती. प्रवासी म्हणायचं नाही, पॅक्स म्हणायचं. एक खोली दोघांनी वाटून घेतली की ट्विन शेअरिंग. हॉटेलच्या भाड्यात नुसता नाश्ता असला तर सीपी, नाश्ता आणि एक जेवण असलं तर एमएपी, तिन्ही वेळचं असलं तर एपी. रिटायर झाल्यावर तर या भाषेला ऊतच आला. रविवारी मुलगा सम्यक चिखलोलीहून बायकोला घेऊन जेवायला यायचा असला, की शेजवळ सकाळीच स्वयंपाकघराच्या दारात उभे.

“आज किती पॅक्स?”

“चार माणसं,” यशोधराबाई म्हणायच्या, “आणि उभेच आहात तर कोथिंबीर निवडा.”

शेजवळ कोथिंबीर निवडायचे. तिथे त्यांची ऑफिसरकी चालायची नाही.

पण चेष्टा बाजूला ठेवली तरी एक गोष्ट खरी होती. यशोधराबाईंना बोधगयेला जायचं होतं. बोधिवृक्षाखाली बसायचं, शेजारी नवरा असावा, दोघांनी मिळून त्रिशरण म्हणावं, एवढीच त्यांची इच्छा. लग्न झालं त्याच वर्षी शेजवळ छाती पुढे काढून म्हणाले होते, “तुला बोधगया दाखवतो, मी बघतो सगळं.” त्यानंतर कंपनीतला संप झाला, आईचं आजारपण झालं, सम्यकची बारावी झाली, पालेगावच्या या नव्या टॉवरमध्ये राहायला येणं झालं. बोधगया तेवढी राहिली. यशोधराबाईही नगरपालिकेच्या शाळेत आयुष्यभर मुलांना शिकवून रिटायर झाल्या. त्या यावरून कधी टोचून बोलल्या नाहीत, आणि तेच शेजवळांना जास्त टोचायचं.

अशात एका रविवारी विहारात वंदना झाल्यावर बनूबाई उभ्या राहिल्या. बनूबाई म्हणजे विहाराच्या महिला मंडळाच्या अध्यक्ष. सगळ्यांवर मायेने ओरडणाऱ्या. त्या म्हणाल्या, “माघ पौर्णिमेला आपलं मंडळ बोधगयेला चाललंय. मुंबईहून पाटण्यापर्यंत विमान, पुढे बस. राहायचं तिथल्या विहाराच्या धर्मशाळेत. कुणाकुणाला यायचंय त्यांनी नावं द्या.”

यशोधराबाईंनी शेजवळांकडे पाहिलं. आता शहाण्या माणसाने काय करावं? हात वर करावा. शेजवळांनीही हात वर केला, पण प्रश्न विचारायला.

“बनूबाई, फ्लाइट डायरेक्ट आहे की व्हाया? आणि लेओव्हर किती?”

“विमान आहे भाऊ,” बनूबाई म्हणाल्या. “बसायचं आणि उतरायचं.”

बायका हसल्या. शेजवळांना वाटलं, यांना समजावून सांगणं हे आपलं कर्तव्यच आहे. मग त्यांनी तिथेच तास घेतला. लेओव्हर म्हणजे मधल्या विमानतळावर बसून राहणं, आणि तिथे मुक्कामच केला तर तो स्टॉपओव्हर. गटाने जाणाऱ्यांचं तिकीट वेगळं, आणि आपलं आपण स्वतंत्र जाणारा तो एफआयटी. जेवणाच्या सीपी, एमएपीपर्यंत गाडी आली तेव्हा म्हाताऱ्या गंगूआजींनी हात वर केला.

“त्या येमेपीत भात असतो का?”

“आजी, एमएपीत ब्रेकफास्ट आणि एक मील.”

“मंग दुपारच्याला उपाशी?”

“दुपारचं आपलं आपण.”

“असलं कसलं पी रं बाबा,” आजी म्हणाल्या. “मी आपली दशम्या घेते बांधून.”

सगळा विहार खदखदला. शेजवळही हसले, पण त्यांना वाटलं की लोक आजींना हसतायत. संध्याकाळी कोथिंबिरीच्या काड्या मोडताना त्यांच्या डोक्यात उजेड पडला, की नाही, आजींना नव्हे. पण तोवर त्यांनी भर विहारात जाहीर करून टाकलं होतं, “आम्ही दोघं गटातून येणार नाही. त्याच विमानाने येऊ, पण एफआयटी. माझी ओळख आहे, मी बघतो.”

त्यामागे नुसती शेखी नव्हती, हे त्यांच्या बाजूने सांगितलं पाहिजे. धर्मशाळेत बायका एकीकडे, पुरुष दुसरीकडे. शेजवळांच्या मनात होतं, की यशूला अशी खोली मिळावी जिच्या खिडकीतून महाबोधी विहाराचा कळस दिसेल. पहाटे तिने डोळे उघडावेत आणि समोर तो दिसावा. इतकी वर्षं थांबली, मग निदान थांबल्याचं काही तरी व्हावं. हे त्यांनी तिला सरळ सांगितलं असतं तर तिला बरं वाटलं असतं. पण सरळ सांगतील तर ते शेजवळ कसले? ते म्हणाले, “टेंपल फेसिंग घेतो, तू टेन्शन घेऊ नकोस.”

सम्यकने फोनवर सांगून पाहिलं, “बाबा, मी ऑनलाइन काढतो ना, दहा मिनिटांचं काम आहे.”

“ऑनलाइनमध्ये माणूस नसतो,” शेजवळ म्हणाले. “माणूस नसला तर बोलायचं कुणाशी?”

खरं सांगायचं तर त्यांना म्हणायचं होतं, की घासाघीस कुणाशी करायची.

तर शेजवळांची ओळख म्हणजे उल्हासनगरचे मुरलीशेठ, पक्के सिंधी व्यापारी. कॅम्प तीनमध्ये एका बाजूला जीन्सचं होलसेल दुकान, दुसऱ्या बाजूला सोफ्यांचं, आणि मध्ये चिंचोळ्या गाळ्यात मुरलीशेठचं तिकिटांचं ऑफिस. कंपनीची तिकिटं इथूनच यायची. शेठनी चहा मागवला, कॉम्प्युटरवर बोटं चालवली आणि म्हणाले, “साईं, नशीबवान आहात. मंडळाच्याच विमानात दोन सीट आहेत. दोन्ही तुमच्या नावाने होल्डवर टाकतो. आज संध्याकाळपर्यंतच टाइम लिमिट आहे हां, सहा वाजता…”

“माहितीये, माहितीये,” शेजवळांची मान हलली. “होल्ड म्हणजे होल्ड. आता हॉटेलचं बोला.”

आणि माहितीही होतं हो त्यांना! होल्ड म्हणजे सीट आपल्या नावावर राखून ठेवतात, ठरल्या वेळेत पक्की करायची असते, हे ते झोपेतही सांगू शकले असते. तोच तर दैवदुर्विलास. माहीत नसतं तर निदान विचारलं तरी असतं.

हॉटेलचं घोडं मात्र अडलं. मुरलीशेठ म्हणाले, खोली मिळेल, कळसाच्या बाजूचीच मिळेल असं सांगता येत नाही. “ऑन रिक्वेस्ट टाकतो. म्हणजे आपण मागायचं, त्यांच्याकडे असली तर देतील. पौर्णिमेची गर्दी आहे, गॅरंटी नाही देता येत.”

“गॅरंटी पाहिजे,” शेजवळ म्हणाले.

“कशी देऊ साईं? हॉटेल माझ्या बापाचं आहे काय?”

“मग राहू द्या,” असं म्हणून शेजवळ उठले आणि चालू पडले.

आता हे उठणं म्हणजे काय, ते उल्हासनगरच्या बाजारात वाढलेल्या माणसाला सांगावं लागत नाही. इथली रीतच ती. भाव पटला नाही की ‘राहू द्या’ म्हणायचं आणि पायऱ्या उतरायच्या. मागे वळून बघायचं नाही, वळलात की संपलात. जरा पुढे गेलं, की मागून हाक येतेच, “ओ साहब, आओ तो सही, बैठो तो सही!” मग आपण कपाळाला आठ्या घालून परत जायचं, आणि वस्तू आपल्या म्हणण्याप्रमाणे घ्यायची. शेजवळांनी घरातला सोफा असा घेतला, गालिचा असा घेतला, सम्यकच्या लग्नातला सूट असा घेतला. कंपनीत तर ड्रम आणि व्हॉल्व्हसुद्धा असेच घेतले. उठून जाण्यात त्यांचा हात धरणारा अख्ख्या अंबरनाथमध्ये नव्हता.

तर ते चालले. सोफ्याच्या दुकानापुढे रेंगाळले. पुढच्या दुकानात लटकवलेल्या जीन्सचं कापड दोन बोटांत धरून बघितलं. हाक आली नाही. गर्दीत ऐकू आली नसेल म्हणून फोन हातात घेतला. कोपऱ्यावर दाल-पकवानची प्लेट घेतली आणि हळूहळू खाल्ली, एरवी ते इतकं हळू खात नाहीत. फोन वाजला, तर तो यशोधराबाईंचा. “येताना कढीपत्ता आणा,” एवढंच.

“काय झालं तिकिटांचं?” घरी आल्यावर त्यांनी विचारलं.

“झाल्यासारखंच आहे. दोन्ही सीटा होल्डवर आहेत. हॉटेलवरून जरा ताणून धरलंय. शेठ स्वतः फोन करतो की नाही बघ.”

यशोधराबाईंनी कढीपत्ता घेतला आणि आत गेल्या.

दुसऱ्या दिवशी फोन आला नाही. शेजवळांना उलट मजा वाटली, म्हातारा कसलेला दिसतोय. तिसऱ्या दिवशी मजा जरा कमी झाली. चौथ्या दिवशी ते ‘सहज इकडून जात होतो’ असा चेहरा करून मुरलीशेठच्या दारात उभे राहिले. पालेगावहून कॅम्प तीनला सहज कुणी जात नाही, पण चेहऱ्याला काय कळतंय.

“बोला, काय ठरलं?” शेजवळ ऐटीत खुर्चीत बसले.

“कशाचं?”

“आपल्या सीटांचं. होल्डवर आहेत ना.”

मुरलीशेठनी चष्मा काढला. “साईं, त्या तर त्याच संध्याकाळी गेल्या. सहा वाजले, सिस्टीमने सोडून दिल्या. रात्रीपर्यंत दुसऱ्या कुणी घेतल्यासुद्धा. आता त्या विमानात एक सीट नाही. आदल्या दिवशीही नाही. पौर्णिमा आहे ना.”

शेजवळांना वाटलं, हाही घासाघिशीचाच भाग असणार. ते हसले. मुरलीशेठ हसले नाहीत. तेव्हा मात्र शेजवळ खुर्चीच्या कडेला सरकले.

“अहो, मग मला हाक मारायची होती ना! फोन करायचा!”

“हाक?” मुरलीशेठ खरोखर बुचकळ्यात पडले. “तुम्ही म्हणालात राहू द्या. मला वाटलं, साहेबांना दुसरीकडे चांगलं मिळालं. तुम्ही तर सगळं जाणता. मी टाइम लिमिट सांगत होतो, तुम्ही म्हणालात माहितीये. जाणकार माणसाला पुन्हा पुन्हा काय सांगायचं, राग येतो.”

“पण बाजारात उठून गेलं की बोलावतात!”

मुरलीशेठच्या डोक्यात आता कुठे उजेड पडला. ते हसायचेच, पण शेजवळांचा चेहरा बघून त्यांनी आवरलं. “साईं, कापड असतं तर मी अनवाणी धावलो असतो तुमच्यामागे. कापड माझं असतं. सीट माझी आहे काय? विमान कंपनीची सीट आणि कॉम्प्युटरचं घड्याळ. त्या घड्याळाला काय माहीत, तुम्ही खरे उठलात की खोटे?”

मग त्यांनी बिचाऱ्यांनी खूप शोधलं. लखनौवरून, रांचीवरून, कुठून कुठून. सगळं गणित पौर्णिमा उलटून गेल्यावर पोचायचं. शेजवळांनी बाहेर येऊन सम्यकला फोन केला आणि रेल्वेचं बघ म्हणाले. थोड्या वेळाने सम्यकचा फोन आला, “बाबा, सगळीकडे रिग्रेट दाखवतंय. म्हणजे वेटिंगसुद्धा बंद.” हा शब्द शेजवळांना कुठे शोधावा लागला नाही.

परतीच्या रिक्षात ते स्वतःला मनसोक्त शिव्या घालत होते. अरे शहाण्या, तुला साधं तिकीट काढता येत नाही आणि तू विहारात तास घेतोस? जगाला लेओव्हर शिकवतोस आणि स्वतः दाल-पकवान खात हाकेची वाट बघतोस? परचेस ऑफिसर म्हणे! ड्रम विकत घेणं वेगळं आणि बायकोला बोधगयेला नेणं वेगळं. आणि आता यशूला काय सांगायचं? ती काही म्हणणार नाही. म्हणाली असती तर बरं झालं असतं. या विचाराने मात्र त्यांना खरोखर रडू येईल असं वाटलं, आणि रिक्षावाल्याने आरशातून पाहिलं म्हणून त्यांनी उगाच नाक शिंकरलं.

यशोधराबाई गॅलरीच्या दारात बसून तांदूळ निवडत होत्या. शेजवळ बूटही न काढता समोर बसले.

“यशू, सीटा गेल्या.”

“कुठे?”

“गेल्या म्हणजे गेल्या. मी उठून आलो, त्याने हाक मारली नाही. माझी चूक. तुझी बोधगया पुन्हा राहिली. मला यातलं काही कळत नाही गं. शब्द येतात नुसते.”

हे शेवटचं वाक्य त्यांच्या तोंडून आयुष्यात पहिल्यांदा निघालं असेल. यशोधराबाईंनी ताट खाली ठेवलं. मग म्हणाल्या, “माझी नाही राहिली.”

“म्हणजे काय?” शेजवळांनी विचारलं. विचारून मोकळे झाले, बघा.

“माझं तिकीट आलंय. बनूबाईंकडे नाव दिलं होतं मी. त्याच रविवारी, तुम्ही गंगूआजींना जेवणाचं समजावत होतात तेव्हा.”

शेजवळांना आधी इतकं हायसं वाटलं, की त्यांनी चक्क हात जोडले. यशू जाणार! यशू बसणार झाडाखाली! छातीवरचा धोंडा उतरला. आणि तो उतरून पुरता खाली टेकायच्या आत दुसरा विचार आला.

“आणि माझं?”

“तुमचं तुम्ही बघणार होतात ना.”

“म्हणजे तुझा माझ्यावर विश्वासच नव्हता.”

“तुमच्यावर आहे,” त्या म्हणाल्या. “तुमच्या ‘मी बघतो’वर नाही. तुमची तिकिटं आली असती तर माझं बनूबाईंना परत केलं असतं आणि तुमच्याबरोबर आले असते. पण मला यावेळी राहायचं नव्हतं हो. गुडघे आता साथ देत नाहीत. आणखी किती थांबू?”

शेजवळांनी आता कुठे बूट काढले. मग त्यांना शंका आली. अशा शंका काढू नयेत, पण त्यांनी काढली.

“यशू, असं तू आधीही कधी केलंयस का? मी बघतो म्हणालो आणि तू दुसरीकडे…”

“सोडा ना आता.”

“सांग.”

“सम्यकच्या लग्नातलं जेवण,” यशोधराबाई तांदळाकडे बघत म्हणाल्या.

“ते तर माझ्या केटररने… अगं, लोक अजून नाव काढतात त्या जेवणाचं!”

“तुमचा केटरर आलाच नव्हता. तुम्ही बहुतेक त्याच्याकडूनही उठून आला होतात. बनूबाईंच्या बहिणीने केलं ते सगळं. मी आधीच सांगून ठेवलं होतं.”

शेजवळ बघतच राहिले. त्या जेवणावर त्यांनी इतकी वर्षं मानपान घेतला होता. बदलापूरच्या व्याह्यांना मसालेभाताचं रहस्य सांगितलं होतं. दोन लग्नांत सल्लागार म्हणून मिरवले होते. आणि हे सगळं चालू असताना ही बाई शेजारी उभी राहून वाढपं बघत होती! त्यांना हसू फुटलं. आधी बारीक, मग असं सुटलं की डोळ्यांतून पाणी आलं. त्यातलं सगळंच पाणी हसण्याचं नव्हतं.

“मला सांगितलं का नाहीस?”

“मिरवत होतात तेव्हा किती खूश दिसायचात,” त्या म्हणाल्या. “कशाला मोडायचं?”

“मग याही वेळी माझंही नाव गुपचूप देऊन टाकायचं होतंस.”

“द्यायला तोंड उघडलं होतं. पण तुम्ही भर विहारात सांगितलंत, आम्ही गटातून येणार नाही. माझं नाव मी चोरून देऊ शकते. तुमचं चोरून दिलं असतं तर सगळ्यांसमोर तुमचा पाणउतारा झाला असता. ते नाही जमलं मला.”

शेजवळांनी तिथेच बनूबाईंना फोन लावला. कुठलाही शब्द न वापरता म्हणाले, “बाई, जय भीम. माझी फजिती झालीय. एक जागा मिळेल का?” बनूबाई ओरडल्या नाहीत, आणि त्या ओरडल्या नाहीत यावरूनच शेजवळ काय ते समजले. दोघीजणी आधीच जागेची वाट बघत होत्या. कुणी गळलं तर त्यांचा नंबर आधी.

कुणी गळलं नाही. गंगूआजी तर दशम्यांसह सगळ्यात आधी विहारापाशी हजर होत्या. शेजवळांनी यशोधराबाईंची बॅग विमानतळाकडे जाणाऱ्या बसमध्ये ठेवली, औषधांचा डबा कुठल्या कप्प्यात आहे ते दाखवलं, आणि खिडकीशी उभे राहिले. बायकांना थट्टा करायची संधी होती, पण कुणी केली नाही. शेजवळांना वाटलं, केली असती तर उभं राहणं सोपं गेलं असतं. बस सुटली. यशोधराबाईंनी हात हलवला. शेजवळांना एकदम आठवलं, की आपण तिला ‘माझ्याही वाटचं बसून ये’ असं म्हणायचं ठरवलं होतं, आणि ऐन वेळी ‘वेब चेक-इन झालंय ना?’ एवढंच विचारलं. स्वतःच्या तोंडात मारून घ्यावीशी वाटली.

पौर्णिमेच्या दिवशी दुपारी ते घरी वरणभात गरम करत होते, तेव्हा व्हिडिओ कॉल आला. पडद्यावर यशोधराबाई, पांढऱ्या साडीत, चेहरा उन्हाने लाल झालेला. मागे माणसंच माणसं, आणि त्यांच्या वर ते झाड. शेजवळांनी गॅस बंद केला आणि टेबलाशी बसले. त्यांच्या तोंडात कितीतरी गोष्टी येऊन उभ्या राहिल्या होत्या. हे झाड मूळ झाडाच्या फांदीपासून कसं वाढलं, सम्राट अशोकाची लेक ती फांदी घेऊन लंकेला कशी गेली, सगळं व्हिडिओत बघून ठेवलं होतं.

“अगं, ते झाड आहे ना…”

“अहो,” यशोधराबाई हळूच म्हणाल्या, “जरा बसा.”

त्यांनी फोन पिशवीला टेकवून झाडाकडे तोंड करून ठेवला. आता पडद्यावर त्या दिसत नव्हत्या. दिसत होती ती नुसती पानं, हलणारी, आणि खाली बसलेल्या कुणाकुणाच्या पाठी. शेजवळ पालेगावच्या आठव्या मजल्यावर जेवणाच्या टेबलाशी मांडी घालून बसले. खुर्चीवर मांडी नीट बसत नव्हती, तरी बसले. पलीकडून यशोधराबाईंचा आवाज आला. त्या त्रिशरण म्हणत होत्या. शेजवळांनीही म्हटलं, अगदी खालच्या आवाजात, तिच्या मागोमाग. म्हणून झाल्यावर त्या तशाच बसून राहिल्या असाव्यात, कारण बराच वेळ काही ऐकू आलं नाही. शेजवळही बसून राहिले. पंचशीलाचा झेंडा, कुणाचं तरी रडणारं बाळ, पुन्हा पानं. त्यांना एकही शब्द बोलावासा वाटला नाही, आणि तिच्याशेजारी आपण नाही याचं फार वाईट वाटलं.

“आहात ना?” पलीकडून आवाज आला.

“आहे.”

“काही बोलला नाहीत, म्हणून विचारलं.”

“यशू, मला तिथे यायचं होतं गं.”

“माहितीये मला,” ती म्हणाली. “मलाही तुम्ही इथे हवे होतात.” मग म्हणाली, “असेच.”